जुन्याच पत्त्यावर

लोरीन टॅकेटच्या नावावर आलेली पहिली वस्तू म्हणजे तिचा ट्रेलर, ट्रकनं ओढून नेता येणारं घर. तेव्हा तिला एक्कावन्नावं लागलं होतं. त्याआधीची सगळी घरं दुसऱ्यांची. बाप खाणीत होता तेव्हा घर खाणकंपनीचं, लग्न झाल्यावर सासऱ्याचं, आणि हार्लन, म्हणजे तिचा नवरा, एका गॅरेजवाल्याच्या बायकोबरोबर निघून गेल्यावर कुणाकुणाच्या माडीवरच्या भाड्याच्या खोल्या. भिंतीला खिळा ठोकायचा तरी आधी विचारायला लागायचं. म्हणून ट्रेलर जागेवर बसला त्या संध्याकाळी तिनं पहिलं काम काय केलं, तर हातोडी घेतली आणि घरभर मिळून सात खिळे ठोकले. टांगायला तिच्याकडे तसबिरी होत्या दोनच.

ट्रकमागून ओढत आणलेलं ते लांबोडकं घर वेस्टन फेरी गावच्या चढावर वळेना, तेव्हा सायकामोर पार्क या ट्रेलरांच्या वस्तीतली अर्धी माणसं बघायला जमली होती. लोरीन गवतात खुर्ची टाकून सकाळपासून बसली होती. शाळेच्या स्वयंपाकघरातून तिनं बिनपगारी रजा घेतली होती. माणसांनी घर सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवलं, चाकं काढून नेली, पाण्याची नळी जोडली. शेजारची एक बाई म्हणाली, "एवढं टक लावून बघू नकोस गं, लाजून परत जाईल ते." लोरीन हसली, पण नजर हलवली नाही.

घर तिचं, पण पूर्ण तिचं नव्हे. पंधरा वर्षांचं कर्ज होतं, महिना तीनशे बारा डॉलर. खालची जमीन पार्कची, तिचं भाडं वेगळं. तरी पहिली सहा वर्षं तिनं एकही हप्ता चुकवला नाही. सकाळी पाचला शाळेत जायचं, चारशे पोरांचं जेवण रांधायचं, दुपारी घरी यायचं आणि पायरीवर बसून खाली वाहणारी ओहायो नदी बघायची. गावात कुणी विचारलं, कशी आहेस, तर म्हणायची, "माझ्या घरात आहे."

मग डेलबर्टच्या नर्सचा फोन आला.

डेलबर्ट हा तिचा थोरला भाऊ, अकरा वर्षांनी मोठा. खाणीचं छत कोसळून बाप गेला तेव्हा डेलबर्टनं शाळा सोडली आणि त्याच खाणीत उतरला. खालच्या चार भावंडांच्या पायांत जोडे आले ते त्याच्या पगारातून. आता तो केंटकीत, तीन तासांच्या अंतरावर, एका घळीतल्या घरात एकटा होता. कोळशानं त्याची फुप्फुसं खाल्ली होती. बायको वारलेली, मुलगा टेक्सासमध्ये तेलविहिरींवर. नर्स म्हणाली, याच्याजवळ कुणीतरी कायम हवं, नाहीतर याला कुठंतरी दाखल करावं लागेल. डेलबर्टनं स्वतः काही मागितलं नव्हतं. तो मागणाऱ्यातला नव्हताच, आणि म्हणूनच लोरीनला नाही म्हणता येईना.

नोकरी सोडायची हे तिनं एका दिवसात ठरवलं. घराचं काय करायचं हे मात्र महिना झाला तरी ठरेना. विकायला काढावं तर कर्ज वजा जाता हातात काही उरणार नव्हतं. तिनं कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथल्या बाईनं शांतपणे सांगितलं की आमच्या लेखी परवानगीशिवाय घर भाड्यानं देता येणार नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही करता येणार नाही. घेणारं कुणी असेल तर त्यानं आमच्याकडे अर्ज करावा, त्याची पत तपासू, मग बघू.

घेणारं होतं. टॅमरा बोगेस शाळेची बस चालवायची. फेरी संपवून सकाळी ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारात येई आणि लोरीन तिला गरम बिस्किटांवर, म्हणजे भाजलेल्या मऊ पावांवर, ग्रेव्ही घालून देई. छत्तीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी. आई नेडीनला अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू गेलेली. दोघी एका चुलतभावाच्या तळघरात राहत होत्या. तिथं बारा पायऱ्या. आईला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे दोन माणसं बोलवायची आणि खुर्चीसकट उचलायची. लोरीनचं घर रिकामं होणार म्हटल्यावर टॅमरा पहिल्यांदाच दोन वाक्यांच्या वर बोलली. म्हणाली, "मिस लोरीन, मला ते घर हवंय. आईला खिडकी मिळेल."

टॅमरानं अर्ज केला. तीन आठवड्यांनी नकार आला. सोडून गेलेल्या नवऱ्यानं तिच्या सहीवर एक ट्रक घेतला होता, त्याचे पैसे बुडवले होते, आणि ते सगळं टॅमराच्या नावावर काळं होऊन बसलं होतं.

तेव्हा त्या तिघी लोरीनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. ऑगस्टचा शेवट होता. लोरीननं वहीचं पान फाडलं आणि स्वतःच्या गोल अक्षरांत लिहिलं की टॅमरानं आत्ता दीड हजार द्यावेत, मग दर महिन्याच्या एक तारखेला पाचशे पाठवावेत, त्यातून लोरीननं घराचा हप्ता आणि जागेचं भाडं भरावं, आणि नऊ वर्षांनी कर्ज फिटलं की घर टॅमराचं. खाली दोघींनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून नेडीनपुढे कागद सरकवला.

"उजवा हात चालतोय तोवर घ्या सही," नेडीन म्हणाली. पेन हातात धरून मात्र ती थांबली. "कंपनीला ठाऊक आहे का हे?"

"हप्ता वेळेवर पोचला की झालं," लोरीन म्हणाली. "आत कोण झोपतंय, त्यांना काय करायचंय?"

नेडीननं तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि सही केली.

पार्कच्या मॅनेजरला लोरीननं सांगितलं की टॅमरा माझी मावसबहीण, मी भावाकडे आहे तोवर घर सांभाळेल. मॅनेजरला भाड्याशी मतलब. तो म्हणाला, तुमच्या मावसबहिणींची मला मोजदाद ठेवायची नाही. आणि एक गोष्ट लोरीननं केली नाही ती ही, की कंपनीला नवा पत्ता कळवला नाही. कळवला असता तर ती तिथं राहत नाही हे उघड झालं असतं. म्हणून कंपनीच्या लेखी लोरीन टॅकेट अजून सायकामोर पार्कातच राहत होती, आणि तिची पत्रं तिथंच येत राहिली.

पहिलं वर्ष खरंच चांगलं गेलं. एक तारखेला टॅमरा पोस्टात जाऊन पाचशेची मनीऑर्डर घेई आणि पाकिटातून पाठवी. सोबत एक ओळ असे. आईची तब्येत बरी. पाण्याचा हीटर नवा बसवला. चर्चची माणसं शनिवारी येऊन दारापासून रस्त्यापर्यंत लाकडी उतार करून गेली, आता आई उजव्या हातापायानं स्वतः खुर्ची ढकलत टपालपेटीपर्यंत जाते. त्या उताराचा एक फोटोही आला. लोरीननं तो डेलबर्टला दाखवला. तो नाकातली प्राणवायूची नळी सारखी करत म्हणाला, "चांगली माणसं मिळाली तुला." लोरीनला वाटलं, हे आपण आयुष्यात केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम.

टॅमराच्या दारात कंपनीची पाकिटंही येत. कराचं काही, विम्याचं काही. टॅमरा ती न उघडता गठ्ठा बांधून महिन्यातून एकदा पाठवी. वर लिहिलेलं असे, मिस लोरीन, तुमचं टपाल.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात वीज कंपनीचा माणूस डेलबर्टच्या दारात उभा राहिला. प्राणवायूचं यंत्र दिवसरात्र चाले, बिल तुंबलं होतं, आणि डेलबर्टनं ते बहिणीपासून लपवून सोफ्याच्या गादीखाली सारलं होतं. लोरीनच्या पर्समध्ये त्या सकाळी टॅमराची मनीऑर्डर होती. ती मोडली तर वीज राहत होती. नाही मोडली तर यंत्र बंद. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, असं तिला तेव्हा वाटलं आणि पुढेही कधी वेगळं वाटलं नाही. जे वाटलं ते त्यानंतरच्या गोष्टींबद्दल.

कारण तेव्हा टॅमराला एक फोन करता आला असता. लोरीननं तो केला नाही. पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकदम भरू, तिला कळायचंसुद्धा नाही, असं तिनं मनाशी धरलं. नोव्हेंबरात तिनं एकच भरला. डिसेंबरात डेलबर्टला दोनदा इस्पितळात न्यावं लागलं. जानेवारीत औषधं. जागेचं भाडं ती न चुकता पाठवत होती, कारण ते चुकलं तर मॅनेजर दुसऱ्याच दिवशी दारावर थाप मारेल आणि टॅमराच दार उघडेल. घराच्या हप्त्याला तसा कुणी थाप मारणारा नव्हता. तिथून फक्त पाकिटं यायची.

ती आता जाड येऊ लागली. एकावर लाल शिक्का होता. कंपनीची माणसं फोनही करत, आणि लोरीन सांगे की हो, मी तिथंच राहते, थोडी अडचण आहे, पंधरा दिवस द्या.  टॅमराचा गठ्ठा आला की ती वरचं दोरीचं बंधन सोडायचीच नाही, तसाच कपाटात टाकायची. त्या गठ्ठ्यांबरोबर एकदा नेडीननं सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी पाठवली होती. तीही लोरीननं उघडली नाही.

डेलबर्टनं एकदा विचारलं, "तुझ्या घराचं कसं चाललंय?"

"छान चाललंय," ती म्हणाली.

फेब्रुवारीत डेलबर्ट गेला. सकाळी कॉफी मागितली आणि ती यायच्या आत गेला. टेक्सासहून मुलगा आला, चार दिवस राहिला, आत्याला मिठी मारून रडला. घर त्याच्या आईच्या माहेरच्या जमिनीवर होतं, ते एप्रिलअखेर तिकडच्यांकडे जायचं ठरलं. मुलानं लोरीनला वडिलांची हरणाच्या शिकारीची बंदूक दिली, आठवण म्हणून. दफनाचे पैसे दोघांनी मिळून भरले. त्यात फेब्रुवारीची मनीऑर्डर गेली, आणि घर आवरण्यात मार्चची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टॅमराचा फोन आला. लोरीननं नाव बघितलं आणि उचलला नाही. तो पुन्हा वाजला. मग टॅमरानं निरोप ठेवला. आवाज नेहमीसारखाच सावकाश होता. दारावर एक कागद चिकटवून गेलेत. कोर्टाचा आहे. त्यात तुमचं नाव आहे आणि हे घर घेऊन जाणार असं लिहिलंय. काहीतरी चूक झाली असणार. मला फोन करा.

चूक झाली असणार असं टॅमरा म्हणाली, ते लोरीनला सगळ्यात जास्त लागलं. तिनं निरोप तीनदा ऐकला. फोनवर सांगणं सोपं गेलं असतं, पण तेवढी सूट स्वतःला द्यायची नाही असं ठरवून शनिवारी सकाळी ती गाडीत बसली. वाटेत दोनदा तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.

दारापुढचा तो लाकडी उतार ती पहिल्यांदाच बघत होती. कठड्याला पांढरा रंग दिलेला. आत नेडीन खिडकीशी एका हातानं घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. टॅमरानं दार उघडलं आणि कॉफी ओतली. लोरीननं कोट काढला नाही. बसण्याआधीच बोलली.

"चूक नाहीये, टॅमरा. मी हप्ते भरले नाहीत."

टॅमरा कॉफीची किटली हातात घेऊन उभीच राहिली. "किती?"

"पाच."

टॅमरानं किटली खाली ठेवली, आत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यातल्या मनीऑर्डरच्या पावत्या तिनं टेबलावर एकेक करून मांडल्या. घाई केली नाही. एकोणीस झाल्या.

"मी एकोणीस महिने दिले," ती म्हणाली. "उन्हाळ्यात बस बंद असते तेव्हासुद्धा. तेव्हा मी मोटेलात खोल्या पुसत होते."

"हो."

"आणि ती पाकिटं मीच तुला पाठवत होते, लोरीन. दुसऱ्याचं पत्र उघडू नये म्हणून. माझंच घर जप्त करायची पत्रं, मी माझ्या पैशानं तिकिटं लावून पाठवली."

टॅमराच्या बोलण्यातून "मिस लोरीन" गेली होती, "तुम्ही"ही गेलं होतं. लोरीननं मान खाली घातली. मग तिनं डेलबर्टचं सांगितलं. वीज, यंत्र, इस्पितळ, पुरणं. सांगताना तिचं तिलाच कळत होतं की हे सगळं खरं आहे आणि तरी कामाचं नाही.

टॅमरा ऐकून म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी दिले असते का, ठाऊक नाही. कदाचित नसते दिले. माझी आई आहे मला. पण नाही म्हणायचं का हो म्हणायचं, ते माझ्या हातात राहिलं असतं ना?"

  नेडीननं शेंगांची परात बाजूला केली आणि विचारलं, "निघालीस कधी? काही खाल्लंस का?"

"आई," टॅमरा म्हणाली.

"तीन तासांवरून आलीये ती. वाढ तिला." आणि लोरीनकडे वळून, "खा. रडायला रिकाम्या पोटीही येतं, गाडी हाकायला येत नाही."

घेवडा आणि मक्याचा पाव होता. लोरीननं दोन घास खाल्ले. टॅमरा बाहेर जाऊन उतारावर उभी राहिली. घर गेलं तर हा उतार इथंच राहणार, आणि त्याच्या टोकाला दारच नसणार, असं काहीतरी लोरीनच्या मनात आलं. ती उठली आणि नेडीनला म्हणाली, मी बघते काय होतंय ते. नेडीन म्हणाली, "बघ. पण आता जे काय बघशील ते आम्हाला दाखवून बघ."

सोमवारी लोरीननं टॅमराच्याच टेबलाशी बसून, टॅमरासमोर, कंपनीला फोन लावला. वसुलीच्या विभागातल्या बाईला तिनं पहिल्यापासून सांगितलं. मी तिथं राहत नाही. दीड वर्षापासून राहत नाही. तुम्हाला खोटं सांगत आले. जी राहते तिनं मला प्रत्येक महिन्याचे पैसे दिलेत, तिच्याकडे पावत्या आहेत. ते मी वापरले. पलीकडे नुसता टाइप केल्याचा आवाज येत राहिला. मग ती बाई म्हणाली, "हे मी नोंदवून घेतेय, तुम्हाला कळतंय ना?"

"नोंदवून घ्या," लोरीन म्हणाली.

तीन दिवसांनी उत्तर आलं. कंपनीला त्या घराची हौस नव्हती. सात-आठ वर्षं वापरलेला ट्रेलर ओढून न्यायचा, कुठंतरी उभा करायचा, लिलावात मिळतील त्या किमतीला विकायचा, याचा खर्च त्यांना पुरता ठाऊक होता. तीस तारखेच्या आत पाचही हप्ते, दंड आणि वकिलाचा खर्च मिळून दोन हजार सातशे साठ डॉलर भरले तर खटला मागे घेऊ, असं त्यांनी कळवलं. टॅमरा बोगेसला पुन्हा अर्ज करायचा असेल तर करू दे. मंजूर होईल असं आम्ही म्हणत नाही.

लोरीननं गाडी विकली. गावातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानदारानं एकवीसशे दिले, आणि देताना दोनदा गाडीभोवती फिरून नाक मुरडलं. डेलबर्टची बंदूक गहाणवट दुकानात साडेतीनशेला गेली. अजून तीनशे दहा हवे होते. तेवढे तिच्याकडे होते, पण ते डेलबर्टच्या थडग्यावर दगड बसवण्यासाठी ठेवलेले. ते तिनं शेवटच्या दिवशी दिले. त्या संध्याकाळी तिनं भाच्याला, डेलबर्टच्या मुलाला, फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, बाबांना दगडाचं काय कौतुक होतं, आत्या. पण बंदुकीचं त्याला लागलं, हे त्याच्या आवाजावरून तिला कळलं. पुढे त्याचे फोन कमी झाले.

टॅमराचा अर्ज सहा आठवडे लोंबकळत राहिला. त्या सहा आठवड्यांत कंपनी तिच्याकडूनच थेट हप्ता घेऊ लागली होती, तरी घर राहील का जाईल ते कुणालाच सांगता येईना. नेडीननं दोन खोके भरून दाराशी ठेवले, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. लोरीननं गावातल्या किराणा दुकानाच्या वर एक खोली घेतली. शाळेच्या स्वयंपाकघरात जागा नव्हती. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात होती, ती तिनं धरली. चालत वीस मिनिटं.  त्या दिवसांत रस्त्यात मोठा ट्रक वर पार्काकडे जाताना दिसला की हातातलं काम टाकून उभी राहायची, तो घर ओढायचा ट्रक नाही हे कळेपर्यंत.

जूनमध्ये मंजुरी आली. नवऱ्याच्या त्या बुडव्या ट्रकला सात वर्षं उलटून गेली होती आणि तो डाग नोंदीतून गळला होता. एकोणीस पावत्यांच्या नकलाही कामी आल्या. व्याज थोडं जास्त लावलं, पण घर टॅमराच्या नावावर होणार होतं.

नोंदणीच्या कचेरीत दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. कारकुनानं मालकीचा कागद लोरीनपुढे ठेवला. तिनं सही केली आणि पेन टॅमराकडे दिलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. बाहेर आल्यावर लोरीन म्हणाली, मी निघते.

"पैशांचं मिटलं," टॅमरा म्हणाली. "बाकीचं मिटलं असं धरून चालू नकोस."

"नाही धरत."

टॅमरानं गाडीचं दार उघडलं, मग वळून विचारलं, "चालत जाणार आहेस?" लोरीननं होकारार्थी मान हलवली. टॅमरा गेली. सोडते म्हणाली नाही, आणि लोरीननं त्याची वाटही पाहिली नव्हती.

त्यानंतर अडीच वर्षं दोघी एकाच गावात राहिल्या. गाव लहान, भेट चुकायची म्हटलं तरी चुकायची नाही. दुकानात समोरासमोर आल्या तर टॅमरा मान हलवायची, बस. लोरीन खोलीत एकटी राहायची, रविवारी चर्चला जायची, मागच्या बाकावर बसायची. खोलीच्या भिंतीला तिनं काही लावलं नाही. घरमालकाला विचारायला लागलं असतं. तिनं डेलबर्टच्या दगडासाठी पुन्हा पैसे साठवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वर्षी तो बसवला. लहानसा, नाव आणि दोन तारखा. बसनं तिकडं जायचं म्हणजे तीन गाड्या बदलाव्या लागत, ती गेली आणि त्याच दिवशी परत आली.

आपण चांगलं माणूस आहोत का वाईट, हा प्रश्न तिला पूर्वी कधी पडला नव्हता. आता धुलाईखान्यात पलंगपोसांच्या घड्या घालताना तो पडायचा. भावासाठी केलं म्हणावं तर ऑक्टोबरचं तेवढं भावासाठी. बाकीचे चार महिने भीतीपोटी. ती स्वतःशीच हा वाद घालायची आणि प्रत्येक वेळी इथंच येऊन थांबायची.

तिसऱ्या हिवाळ्यात धुवायला आलेल्या कपड्यांत एक जाड लोकरी जाकीट निघालं. कॉलरच्या आत चिठ्ठी शिवलेली, नेडीन बोगेस, खोली चौदा. लोरीननं चौकशी केली. नेडीन न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, दीड महिना इथं राहून मग घरी जायची होती. जाकीट लोरीननं हातानं धुतलं, वाळवलं आणि दोन दिवस कपाटात ठेवून दिलं. धाडस होईना. तिसऱ्या दिवशी नेऊन दिलं.

नेडीन आधीपेक्षा निम्मी झाली होती. डोळे मात्र तेच. तिनं जाकीट हुंगलं. "चांगलं धुतलंयस. बैस. इथल्या बायांना पत्ते येत नाहीत, नुसत्या हो-हो करतात."

"मी कामावर आहे, नेडीन."

"जेवणाची सुट्टी असेल की. तेव्हा ये."

लोरीन आली. नेडीननं पत्ते उभे करायला एक घासायचा ब्रश उलटा ठेवला होता. त्याच्या केसांत पत्ते खोवायचे आणि उजव्या हातानं एकेक काढायचा. पहिला डाव नेडीननं जिंकला, दुसराही. त्या दिवशी घराचं काही निघालं नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी पत्ते लावता लावता नेडीनच म्हणाली, "साक्षीदार म्हणून मीही सही केली होती. विचारलं होतं तुला, आणि तुझं उत्तर मला पटलं नव्हतं. तरी केली. कारण मला ते तळघर सोडायचं होतं." एवढं बोलून तिनं पान टाकलं आणि तुझी खेळी म्हणाली.

एका दुपारी फेऱ्यांमधल्या वेळात टॅमरा आली. दारात थबकली. लोरीन उठायला लागली तर नेडीन म्हणाली, डाव अर्धा आहे, कुणी उठायचं नाही. टॅमरानं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि पलंगाच्या कडेला बसली. दोघींच्या पानांकडे बघत राहिली.

"चादर बदलली वाटतं," ती आईला म्हणाली.

"हिनं बदलली."

टॅमरानं चादरीचा कोपरा चाचपून पाहिला, नीट खोचलाय का ते. मग लोरीनकडे न बघता विचारलं, "आईच्या त्या निळ्या गाऊनचा डाग निघेल का? बीटचा आहे."

"गार पाण्यात भिजवायला हवा," लोरीन म्हणाली. "आण उद्या. बघते."

"आणते," टॅमरा म्हणाली, आणि घड्याळात बघून उठली. साडेतीनची फेरी होती.